किडनी प्रत्यारोपणानंतर घरी काय पाळायचं? गोळ्या, आहार, व्यायाम आणि मन

किडनी बसवली म्हणजे उपचार संपले, असं नाही. शरीर नवी किडनी परकीच समजतं. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या बंद केल्या, तर किडनी निकामी होऊ शकते.

गोळ्या : टॅक्रोलिमस बहुतेकांना १२-१२ तासांनी असते; वेळ चुकवू नये. तिची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी. अंगदुखीची गोळी किंवा जडीबुटी मनानं घेऊ नये.

आहार : कच्ची मोडाची मटकी, न तापवलेलं दूध, उघड्यावरची कापलेली फळं टाळावीत. मोड नीट शिजवले तर चालतात. पपनस नको, त्यानं टॅक्रोलिमसची पातळी वाढते. स्टेरॉइडमुळे भूक आणि साखर वाढते, म्हणून गोड बेतानं खावं.

व्यायाम : नवी किडनी ओटीपोटात बसवतात. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने भरलेली कळशी, खताचं पोतं उचलू नये. रोज थोडं थोडं चालणं वाढवावं. गोठा झाडणं, शेणखत उपसणं घरातल्या दुसऱ्यांनी करावं; त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

मन : 'किडनी टिकेल ना?' ही धास्ती, झोप उडणं, चिडचिड बऱ्याच जणांना होते. काही वेळा ती स्टेरॉइडमुळेही असते. डॉक्टरांना सांगावं. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

ताप, लघवी कमी होणं, पायांवर सूज किंवा किडनीच्या जागी दुखणं दिसलं, तर थांबू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.