पिंपळे सौदागरचा जमाखर्च : दख्खनच्या भूमिसंशोधनाची दीड शतके

पुण्याच्या वायव्येस पवना नदीकाठी वसलेले पिंपळे सौदागर हे आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील दाट वस्तीचे उपनगर आहे. परंतु भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रीय अभ्यासात या गावाचे नाव शंभराहून अधिक वर्षे घेतले जाते, ते तेथील इमारतींमुळे नव्हे, तर तेथील शेतांच्या तुकड्यांमुळे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांसह या गावाची घरोघरी पाहणी केली आणि १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने ती प्रसिद्ध केली. एखाद्या गावातील प्रत्येक शेत, प्रत्येक कुटुंब, प्रत्येक कर्ज आणि प्रत्येक मजुरी यांचा एकत्र हिशोब मांडणारा हा भारतातील आरंभीच्या अभ्यासांपैकी एक होय. या अभ्यासाचे महत्त्व समजून घ्यायचे, तर त्याआधी दख्खनची जमीन कोणी, कशासाठी आणि कोणत्या मापाने मोजली होती, हे पाहावे लागते. कारण मोजणी करणारा जो प्रश्न घेऊन शेतात उतरतो, तेवढेच उत्तर शेत त्याला देते.

पेशवाईच्या अखेरीस दख्खनच्या गावांत जमिनीची नोंद प्रामुख्याने थळांनुसार होत असे. थळ म्हणजे एका मूळ घराण्याची वडिलोपार्जित जमीन. त्या थळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्याला मिरासदार किंवा थळकरी म्हणत, तर असा हक्क नसताना ठरावाने जमीन कसणाऱ्याला उपरी म्हणत. गावातील थळांची यादी, म्हणजेच थळझाडा, हा एका अर्थाने गावाचा नकाशाच होता. फरक इतकाच की तो रेषांनी न काढता घराण्यांच्या नावांनी मांडलेला असे. इंग्रजी अंमल सुरू झाल्यानंतर लगेचच, १८१९ मध्ये, डॉ. टॉमस कोट्स यांनी पुण्याजवळील लोणी या गावाचे वर्णन लिहिले, ज्यात जमीन, पिके, अवजारे, बलुतेदार आणि कर्ज यांची नोंद एकत्र आढळते. हेच गाव म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद, हे लक्षात घेऊन समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे त्याची पुन्हा पाहणी केली आणि १९६० मध्ये दोन्ही काळांची तुलना ग्रंथरूपाने मांडली. एकाच गावाकडे दोन शतकांतून पाहण्याची ही सोय दख्खनला लाभली, ती कोट्स यांनी केलेल्या तपशीलवार नोंदींमुळे.

तथापि नव्या राज्यकर्त्यांची खरी गरज महसुलाची होती. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची जी पाहणी केली, तिच्यामागे त्या काळच्या इंग्लिश अर्थशास्त्राचा एक सिद्धान्त होता : एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा केल्यावर जे निव्वळ उत्पन्न उरते, त्याचाच ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. प्रिंगलने हा हिस्सा ५५ टक्के धरला. तत्त्व सुबक होते, पण निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारे आकडे हाताखालच्या नोकरवर्गाने घाईने व अनेकदा खोटे भरले. आकारणी जड झाली आणि इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरापासूनच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडून त्यांनी जमिनीच्या परस्परतुलनेवर भर दिला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले.

या पद्धतीचे बारकावे आजही महाराष्ट्राच्या शेतात जिवंत आहेत. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांत विभागलेली होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौरसाला गुंठा म्हणत आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होई. मातीची प्रत तिचा रंग व पोत आणि तिची खोली यांवरून ठरे. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती सोळा आणे, तर उथळ मुरमाड माती दोन आणे, अशा नऊ पायऱ्या केलेल्या होत्या; शिवाय चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पावसाच्या लोंढ्याखाली येणे, पाणी धरून राहणे असे दोष नोंदून प्रत आणखी खाली आणली जाई.  सर्व्हे नंबर, म्हणजे दगडांनी हद्द आखलेले आणि क्रमांक दिलेले शेत, पाडताना एका बैलजोडीने कसता येईल इतके क्षेत्र हा आधार धरलेला होता. आकारणी तीस वर्षांसाठी स्थिर ठेवली गेली. दख्खनच्या कानाकोपऱ्यातील जमीन प्रथमच एका मापाने, एका प्रतवारीने आणि एका नकाशात बांधली गेली, ही या कामाची मोठी देणगी होय. मात्र त्या नकाशावर शेताचे पोट दिसत होते, शेतकऱ्याचे पोट दिसत नव्हते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उठलेले आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेले सावकारविरोधी दंगे, ज्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, त्यांनी ही उणीव उघडी केली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना कर्जाच्या हिशोबात शिरण्याचा अधिकार दिला, पण कर्ज मुळात का होते याचे उत्तर कायद्याकडे नव्हते.

ते उत्तर शोधण्यासाठी मान यांनी महसुली नोंदी आणि कुटुंबाचा जमाखर्च या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असलेले मान आसामच्या चहामळ्यांवरील संशोधन सोडून १९०७ मध्ये पुण्यास आले होते. पिंपळे सौदागरच्या जुन्या दप्तरांतून त्यांनी काढलेला सरासरी धारणक्षेत्राचा, म्हणजे एका खातेदाराकडील एकूण जमिनीचा, क्रम असा आहे : १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर. त्या वेळी गावातील ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आत आणि ६० टक्के पाच एकरांच्या आत होती. येथे दोन वेगळ्या गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. वारसांत वाटण्या होऊन प्रत्येकाची एकूण जमीन घटते, ही झाली विभागणी. आणि त्या घटलेल्या जमिनीचेही शिवाराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत तुकडे पडतात, हे झाले विखुरलेपण. पिंपळे सौदागरात सुमारे दीडशे खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत पसरलेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तुकडे एका एकराहून लहान होते. ज्या शिवाराचे सर्व्हे नंबर बैलजोडीच्या हिशोबाने पाडले गेले, तेथे बैलजोडी वळवायलाही अपुरे पडावेत असे तुकडे तीन पिढ्यांत तयार झाले.

या विखुरलेपणाला केवळ शेतकऱ्याचा हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. भावाभावांत वाटणी होताना नदीकाठची मळी, मधली काळी आणि माथ्यावरचे बरड यांतील प्रत्येकी वाटा मागितला जाई, कारण पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या घरासाठी प्रत्येक प्रतीची जमीन ही वेगळ्या हंगामाची हमी होती : अतिवृष्टीत माथ्याचे पीक हाती लागे, तर पाऊस लवकर सरला की खोल काळ्या मातीची ओल ज्वारी तारून नेई. नकाशावर जो अव्यवस्थेचा नमुना दिसतो, त्याच्या तळाशी न्यायाची आणि सावधगिरीची एक जुनी समजूत होती. तिची किंमत मात्र वाढत गेली. बांधांत जमीन अडकली, ये-जा करण्यात श्रम गेले, आणि विहीर खोदावी इतका सलग तुकडा कोणाकडेच उरेना.

मान यांच्या अभ्यासाचा सर्वांत बोलका भाग कुटुंबांच्या वर्गवारीत आहे. पाहणी केलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे निव्वळ जमिनीच्या उत्पन्नावर सुस्थितीत राहू शकत होती. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीची भर पडल्यावर तग धरत होती. उरलेली ६७ कुटुंबे जमीन व मजुरी मिळूनही तुटीत होती. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळ असल्याने गावातील अनेकांना तेथे काम मिळे, आणि गावाचे अर्थकारण त्या रोजंदारीने पेलले जात होते. शहराची सावली नसलेल्या गावाचे काय होते, हे पाहण्यासाठी मान आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली, जी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे तुटीतील कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. दोन्ही गावे शेजारी ठेवली, की गावाचे स्थान, म्हणजे शहर, रस्ता आणि पाणी यांपासूनचे अंतर, हा घटक मातीच्या प्रतीइतकाच निर्णायक ठरतो, हे दिसून येते.

लहान धारणक्षेत्रांचे करायचे काय, या प्रश्नावर त्याच काळात जो वाद झाला, त्यातील सर्वांत मूलगामी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक कीटिंग यांचे म्हणणे असे होते की, एका कुटुंबाला पोसू शकेल इतके ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ कायद्याने टिकवावे. आंबेडकरांनी १९१८ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले की, क्षेत्र लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीवर किती भांडवल, किती बैल आणि किती श्रम लागू शकतात, यांच्या प्रमाणावरून ते ठरते. जमिनीवर बसून असलेले रिकामे हात हा खरा रोग असेल, तर त्यावर औषध उद्योगधंद्यांत आहे, शेतांच्या हद्दी बदलण्यात नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खडकीच्या मजुरीवर उभी असलेली पिंपळे सौदागरची २८ कुटुंबे हा या युक्तिवादाचा जणू घरोघरी मिळालेला पुरावाच आहे. कायद्याने मात्र दुसरी वाट धरली. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात आलेले लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक विरोधामुळे मागे पडले, पण १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्यानुसार जमिनीच्या प्रकाराप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र ठरले आणि अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले.

जमीन टिकेल का, हा आज ‘शाश्वतता’ या नावाने विचारला जाणारा प्रश्नही या परंपरेला परका नव्हता. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला, उसाची लागवड पसरली, आणि दोन दशकांतच कालव्याच्या पाझराने चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. क्षार वर येऊन पिकाला निकामी झालेल्या अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील या क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि पाणी देण्याइतकेच पाण्याचा निचरा करणे महत्त्वाचे आहे, हे त्यातून पुढे आले. याच कालव्यांच्या लाभाचा हिशोब पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने नंतर व्यापक केला. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिणामांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. कालव्याचे यश केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून जोखू नये, शेतातील उत्पन्न, मजुरांना मिळणारे काम आणि भोवतालच्या बाजारपेठांचा व्यापार हे सारे त्यात धरावे, ही या अभ्यासाची भूमिका होती. प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे नेतृत्वही गाडगीळांनी केले. अभ्यासकाने आपले आकडे ज्या मातीतून घेतले, त्याच मातीतील संस्था उभारण्यात हात लावावा, हे त्या पिढीचे वैशिष्ट्य होते.

या दीड शतकांच्या मोजण्यांतून एक गोष्ट सातत्याने हाती लागते : तुकड्याचे क्षेत्र, मातीची प्रत, पाण्याची सोय, कुटुंबातील हात आणि बाहेरची मिळकत यांपैकी कोणतीही एक बाब सुटी काढून शेतीचा हिशोब लागत नाही. प्रिंगलला कुटुंब दिसले नाही, एकत्रीकरणाच्या कायद्याला वाटणीमागचा हंगामाचा विचार दिसला नाही, आणि कालवा काढणाऱ्यांना पाझर उशिरा दिसला. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे पिंपळे सौदागरने १९१५ पर्यंत जे अनुभवले, ते आता राज्याच्या मोठ्या भागाचे वास्तव झाले आहे. खुद्द पिंपळे सौदागरच्या बाबतीत हा प्रश्न शेतीच संपल्याने मिटला आहे, पण पुण्याच्या आणि इतर शहरांच्या वाढत्या सीमेवर असलेली कित्येक गावे आज त्याच टप्प्यावर उभी आहेत, जेथे शिवार तुकड्यांत आहे, घर बाहेरच्या पगारावर चालते आणि जमिनीचा भाव तिच्या पिकाशी नाते सोडून वाढतो आहे. त्या गावांच्या सात-बाऱ्यावर पीक आणि क्षेत्र नोंदलेले असते, घराची तूट नोंदलेली नसते. ती नोंदवण्यासाठी मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांप्रमाणे उंबरठ्यापर्यंत जाणारी मोजणी पुन्हा व्हायला हवी, आणि ती शेते विकली जाण्यापूर्वी व्हायला हवी.