लिनक्सवर हार्डवेअर चालत नसेल किंवा संगणक संथ झाला असेल तर दोष कसा शोधावा

लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्यावर वायफाय दिसत नाही, आवाज येत नाही, प्रिंटर ओळखला जात नाही किंवा संगणक संथ चालतो, या नेहमीच्या तक्रारी आहेत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून या तक्रारींना जास्त महत्त्व आले आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे चांगल्या स्थितीतले कितीतरी लॅपटॉप त्या अटीत बसत नाहीत. ते भंगारात द्यायचे की त्यावर लिनक्स घालायचे, हा प्रश्न मालकापुढे असतो.

अशा वेळी 'वायफाय चालले नाही, म्हणजे हा लॅपटॉप लिनक्सला चालत नाही' असा निष्कर्ष पटकन काढला जातो. मग एकामागून एक डिस्ट्रो बसवून पाहिल्या जातात. प्रत्यक्षात बिघाड बहुधा एखाद्या चिपपुरता असतो. ती चिप कोणती आणि गाडी नेमकी कुठे अडली, हे कळले की उपाय सोपा होतो.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतला फरक

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये तो बहुधा हार्डवेअर बनवणारी कंपनी देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर येतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की चार-पाच वर्षे जुना लॅपटॉप बहुधा काही न करता चालतो, आणि अगदी नवा लॅपटॉप अडण्याची शक्यता जास्त असते. रिअलटेकच्या काही यूएसबी वायफाय चिपांचा सपोर्ट फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलमध्ये आला. त्याआधीचे कर्नल असलेल्या डिस्ट्रोवर तोच डोंगल लावला, तर वेगळा ड्रायव्हर मिळवून बसवावा लागतो.

फर्मवेअर हा चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. अनेक चिपांमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. संगणक सुरू होताना दर वेळी ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो. बहुतेक फर्मवेअर मुक्तस्रोत नसते. याच कारणाने डेबियन प्रकल्प ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवत असे. परिणामी फर्मवेअर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला फर्मवेअर हवे, अशी कोंडी होई. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते.

बसवण्यापूर्वीची चाचणी

उबुंटू, मिंट, फेडोरा अशा बहुतेक डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. यालाच लाइव्ह यूएसबी म्हणतात. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅड, स्क्रीनची चमक आणि लॅपटॉप मिटून उघडल्यावर तो नीट जागा होतो का, एवढे तपासावे. जे इथे चालते ते बसवल्यावरही बहुधा चालते. वेगाचा अंदाज मात्र यावरून बांधू नये. पेनड्राइव्ह मुळातच संथ असतो.

चार प्रश्न

खालच्या कमांड टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

*१. यंत्राला चिप दिसते का?* आतल्या चिपांसाठी 'एलएसपीसीआय' आणि यूएसबीवरच्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' ही कमांड आहे. पहिल्या कमांडपुढे एक जागा सोडून वजाचिन्ह आणि 'एनएनके' लिहिले, की प्रत्येक चिपचा ओळख-क्रमांकही दिसतो. त्याचा पहिला भाग कंपनीचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी. लॅपटॉपच्या खोक्यावरच्या नावापेक्षा हा क्रमांक खात्रीचा, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डे असू शकतात. चिप यादीत नसेलच, तर ती बायोसमध्ये बंद आहे, सैल बसली आहे किंवा खराब झाली आहे. तिथे ड्रायव्हर शोधून उपयोग नाही.

*२. तिला ड्रायव्हर जोडला गेला आहे का?* त्याच यादीत चिपखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असावी. नसेल, तर नवे कर्नल घालणे किंवा वेगळा ड्रायव्हर बसवणे हे दोन मार्ग उरतात. उबुंटूतले 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमधला 'ड्रायव्हर मॅनेजर' हे काम माउसनेही करू देतात. ड्रायव्हर बसवूनही तो चालू होत नसेल, तर सिक्युअर बूट पाहावे. ते चालू असताना मान्य सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारते. अशा वेळी बसवताना विचारलेला पासवर्ड पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर देऊन सहीची किल्ली नोंदवावी लागते. ती स्क्रीन घाईत ओलांडली, तर ड्रायव्हर बसूनही निरुपयोगी राहतो.

*३. फर्मवेअर भरले गेले का?* 'सुडो' लिहून पुढे 'डीएमईएसजी' ही कमांड दिली, की कर्नलची नोंदवही दिसते. फर्मवेअर सापडले नसेल, तर तिथे तक्रार आणि बहुधा हव्या असलेल्या फाइलचे नावही असते. डिस्ट्रोचे फर्मवेअर पॅकेज बसवून संगणक पुन्हा सुरू केला, की बहुतेकदा काम होते. इंटरनेटच नसेल, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करावे. त्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

*४. कुठे काही बंद ठेवलेले आहे का?* वायफाय आणि ब्लूटूथसाठी 'आरएफकिल' ही कमांड पाहावी. 'सॉफ्ट' रकान्यात अडथळा दिसला तर तो सॉफ्टवेअरमधून उठवता येतो; 'हार्ड' रकान्यात दिसला तर लॅपटॉपवरचे बटण किंवा कळ पाहावी. आवाजाच्या बाबतीत स्पीकरऐवजी एचडीएमआय निवडले गेलेले असणे, हे अगदी नेहमीचे कारण.

नेहमी अडणारे भाग

ग्राफिक्स: इंटेल आणि एएमडीचे मुक्तस्रोत ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, त्यामुळे सहसा काही करावे लागत नाही. एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. तिच्या कार्डांसाठी 'नूवो' हा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कार्डाच्या वागण्याचा अभ्यास करून लिहिला. पण २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीची सही असलेले फर्मवेअर लागू लागले. त्याशिवाय नूवोला कार्डाचा वेग वाढवता येईना. म्हणून त्या काळातली कार्डे नूवोवर चित्र दाखवतात, पण फार संथ चालतात. तिथे कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा लागतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्तस्रोत केला.

डिस्क: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये इंटेलची आरएसटी किंवा रेड पद्धत चालू आहे का ते पाहावे. ती बदलून एएचसीआय केली की डिस्क दिसते, पण आधीचे विंडोज सुरू होईनासे होऊ शकते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील, तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याचे विभाग लिनक्सला फक्त वाचता येतात.

प्रिंटर: नेटवर्कवरचे नवे प्रिंटर आयपीपी पद्धतीने वेगळ्या ड्रायव्हरविना चालतात. एचपीच्या अनेक मॉडेलांसाठी एचपीलिप हे पॅकेज आहे. आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे किचकट आहे. कामाचा प्रिंटर हाच असेल, तर लिनक्सकडे जाण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी.

संगणक संथ असेल तर

इथेही आधी कोणता भाग अडला ते शोधावे.

- मेमरी: 'फ्री' या कमांडमधला 'अव्हेलेबल' रकाना पाहावा. 'फ्री' रकान्यातला आकडा लहान असणे वाईट नाही, कारण लिनक्स रिकामी मेमरी डिस्कवरच्या फाइलींसाठी वापरते. 'अव्हेलेबल' संपत आले आणि स्वॅप वाढत गेले, तर मेमरी कमी पडते आहे. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप थोडी मेमरी वाचवतो, पण ब्राउझरचे दहा टॅब त्याने हलके होत नाहीत.
- डिस्क: 'टॉप' या कमांडमध्ये वरच्या ओळींत 'डब्ल्यूए' हा आकडा सतत मोठा असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसला आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालणे हा जुन्या लॅपटॉपवरचा सर्वांत परिणामकारक खर्च आहे. डिस्क अचानक संथ झाली असेल, तर ती निकामी होत असू शकते. 'स्मार्टसीटीएल'ने तिची तब्येत पाहावी, पण त्याआधी बॅकअप घ्यावा.
- उष्णता: सुरुवातीला ठीक आणि दहा-पंधरा मिनिटांनी संथ, हे तापल्याचे लक्षण. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढणे आणि सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे हा त्यावर उपाय. डिस्ट्रो बदलून फरक पडत नाही.
- ग्राफिक्स: सेटिंग्जमधल्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे नाव दिसले, तर चित्र काढण्याचे कामही प्रोसेसरच करतो आहे. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर लागलेला नाही.

बदल करताना आणि मदत मागताना

एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. नवे कर्नल घातल्यावर काही बिघडले, तर सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून जुने कर्नल निवडता येते; म्हणून ते लगेच काढून टाकू नये. मदत मागताना लॅपटॉपचे मॉडेल, चिपचा ओळख-क्रमांक, डिस्ट्रोची आणि कर्नलची आवृत्ती आणि नोंदवहीतली तक्रारीची ओळ द्यावी. नोंदीत आलेले सीरियल नंबर आणि वायफायची नावे आधी काढून टाकावीत.

काही चिपांना लिनक्सचा सपोर्ट नसतोच. अनेक लॅपटॉपांतले बोटांच्या ठशांचे सेन्सर त्यांत मोडतात. तेवढ्यासाठी लॅपटॉप टाकून देण्याची गरज नाही; पासवर्डने काम भागते. न चालणारे वायफाय कार्ड बदलून इंटेलचे घालता येते, मात्र काही लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डेच स्वीकारतो, ते आधी तपासावे. तेही जमत नसेल, तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे असा यूएसबी डोंगल पुरतो. एका भागाची अडचण आणि संपूर्ण यंत्राची अडचण यांत फरक केला, की बरेच जुने लॅपटॉप आणखी काही वर्षे कामाला येतात.