येळवशीचे उंडे

गहू नको आणि दूध-मासा-अंडं काहीच नको, अशा दोन अटी घालून घरी सुशी करायला बसलं की अडचण माशाची येत नाही. मासा काढून काकडी घातली तरी सुशी होते. जपानात काकडीची काप्पा माकी चांगली रुळलेली आहे. तांदूळही अडत नाही, आपला इंद्रायणी पुरेसा चिकट असतो. अडतं ते बशीतल्या सोया सॉसवर. नेहमीच्या जपानी सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि गहू जवळजवळ सारख्या मापानं पडतो. भात बिनगव्हाचा, समुद्रशेवाळाचा नोरी कागद बिनगव्हाचा, आतली भाजी बिनगव्हाची. आणि घास बुडवला की गहू हजर. यावर तोड म्हणजे तामारी, मुख्यतः सोयाबीनचाच सॉस. पण काही तामारींतही थोडा गहू असतो, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय तीही घेऊ नये.

हे सोयाबीन ज्या जिल्ह्यांत खरिपाचं मुख्य पीक होऊन बसलं आहे, त्यांतला धाराशिव एक. इथलं सोयाबीन मोंढ्यावर जातं, बरंचसं लातूरच्या बाजारात, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि शेतकऱ्याच्या ताटात परत येतं ते फोडणीचं तेल होऊन. त्याचं टोफू किंवा सॉस करायची इथं रीत नाही. मात्र धान्य मळून, मुठीत वळून, वाफवून हातानं खायचा बिनगव्हाचा पदार्थ या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ज्वारी-बाजरीचे उंडे घरोघरी होतात आणि त्यांचा दिवस ठरलेला असतो: मार्गशीर्ष अमावस्या. कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या म्हणतात, गावात येळवस.

डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येणारा हा सण. अधिक महिन्यानं तारखा पुढे सरकतात, त्यामुळे २०२४ या एकाच वर्षात तो दोनदा आला, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात, एसटीला आदल्या रात्रीपासून गर्दी होते, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं गावाकडे परततात आणि सगळं गाव रानात जेवतं. स्वतःचं शेत नसलेलाही उपाशी राहत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ही येळवशीची रीतच आहे.

रानात कोप करतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची टोकं वर एकत्र बांधली की झाली कोप. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, आणि रानाची लक्ष्मी. पूजा झाली की घरचा माणूस आंबील शिंपडत पिकातून फिरतो. या सुमाराला रब्बीची ज्वारी पोटरीत असते, कुठं नुकती निसवत असते. म्हणजे पीक पोटुशी आणि हे तिचं डोहाळजेवण. येळवशीला नुसतं वनभोजन म्हणणारे हा भाग विसरतात. जेवायला बसायच्या आधी पिकाला जेवू घालायचं असतं.

आता उंड्यांकडे यावं. बाजरीचं ताजं पीठ घ्यायचं. ते शिळं चालत नाही, कडू होतं. त्यात मीठ, तीळ, कुणी ओवा घालतं. पाणी मात्र चांगलं कढत हवं. गव्हाच्या कणकेला ग्लुटेनमुळे चिवटपणा येतो, तो बाजरी-ज्वारीत नसतोच. गार पाण्यात मळलं तर गोळा भेगाळतो आणि वाफेवर उकलतो. कढत पाण्यानं पिठातलं स्टार्च फुगतं, चिकट होतं आणि तेच गोळा धरून ठेवतं. भाकरीला उकड काढायची ती याचसाठी. मळलेल्या पिठाचा मुठीत मावेल एवढा गोळा घ्यायचा, कुणी गोल ठेवतं, कुणी लांबट वळतं, आणि झाकण लावून वाफवायचा. उकडलेला उंडा हाताला घट्ट लागतो, मोडला की आतून ओलसर असतो. तो एकटा खायचा पदार्थ नव्हे. त्याला भज्जी लागते.

ही भज्जी तळलेल्या भज्यांतली नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, भुईमुगाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, आंबटचुका, गाजर, जे रानात आणि बाजारात त्या आठवड्यात हिरवं असेल ते सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजतं. मग बेसन कालवून लावायचं, आंबटपणाला काही घरी चिंचेचा कोळ, काही घरी ताक. हिरवी मिरची आणि लसूण हात राखून घालण्याची पद्धत या भागात नाही. आदल्या रात्री बायका शेंगा सोलत बसतात आणि पहाटे चुली पेटतात. सोयाबीन या भज्जीत नसतं, कारण ते दसरा-दिवाळीच्या आसपासच शेतातून निघून गेलेलं असतं. जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या पिकाला जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शेतसणात जागा नाही. हे नुसतं वेळापत्रकामुळे झालं, असं म्हणवत नाही. ताट आधीचं आहे, पीक नंतरचं.

आंबील हा ताटातला तिसरा मानकरी. ज्वारीचं पीठ भिजवून आंबवायचं, शिजवायचं, गार झालं की ताक, लसूण, जिरं घालून मडक्यात भरायचं. रानातल्या उन्हात दोन वाट्या आंबील प्यायली की माणूस कोपीच्या सावलीत आडवा होतो. सुशीचा इतिहास पाहिला तर तोही असाच आंबवणीपासून सुरू होतो. बिवा सरोवराकाठी आजही होणारी फुनाझुशी म्हणजे खारवलेला मासा शिजलेल्या भातात दाबून वर्ष-दोन वर्षं आंबवायचा आणि खाताना भात बहुतेक टाकून द्यायचा. भात तिथं मासा टिकवायचं साधन होता. पुढे कुणाला वर्षभर थांबायचा धीर राहिला नाही, भातात व्हिनेगर घालून आंबटपणा आणला जाऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर वळलेली सुशी रस्त्यावर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. आंबिलीला असा घाईचा वारस मिळाला नाही. ती अजून मडक्यातच आंबते.

येळवस नक्की कधी सुरू झाली, याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. पण ती कुठं कुठं साजरी होते हे पाहिलं की बरंच कळतं. धाराशिव, लातूर, सोलापूरचा काही भाग, आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी, विजयपूर. कानडी मुलखात हिचं नाव एळ्ळमावास्ये. तिथंही पिकात अन्न शिंपडतात, त्याला चरग म्हणतात. तिथंही भज्जी असते आणि उंड्यांच्या जागी बाजरीचा सज्जे कडबू. धाराशिवच्या शेतात पूजेच्या वेळी जी आरोळी देतात तिचे शब्द मराठी माणसाला लागत नाहीत, ते कानडी वळणाचे आहेत. उमरगा-नळदुर्गकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरग्याच्या पुढे गेलं की थोड्याच वेळात बसवकल्याणचा फाटा येतो. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी ती हीच.

सरकारी सीमा इथं अलीकडच्या. निजामाच्या राज्यात आधी जिल्हा नळदुर्गचा होता, मग ठाणं धाराशिवला आलं आणि सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अलीच्या नावावरून त्याचं उस्मानाबाद झालं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान संपलं तेव्हा बिदर, गुलबर्गा (म्हणजे आजचं कलबुर्गी) आणि उस्मानाबाद एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचनेत ते फुटले: बिदर-गुलबर्गा म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबई राज्यात. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादमधून लातूर वेगळं निघालं आणि २०२३मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झालं. एवढ्या वाटण्या झाल्या, पण येळवशीची वाटणी झाली नाही. लातूर आणि धाराशिवचे जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी वेगवेगळी जाहीर करतात, एवढाच काय तो फरक.

धान्यांचा प्रवास याहून जुना. ज्वारी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या. जिल्ह्यातलं तेर, म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर, पहिल्या शतकात पैठणमार्गे भडोचच्या बंदराला कापड पाठवत होतं. त्याच्याही किती तरी आधी ही धान्यं भारतात आलेली होती. दख्खनच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीला रब्बीची ज्वारी मानवली. माणसाला भाकरी, जनावराला कडबा, आणि पावसाळा संपल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारं पीक. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही या पट्ट्यात पेरली जाते. इतक्या वर्षांत तिच्यापुढे पुष्कळ सुधारित वाण आले आणि भाकरीच्या चवीवर हरले.

खरिपाच्या ज्वारीचं तसं झालं नाही. १९६४मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत कायमचा शिरला, बहुधा तक्रारीच्या सुरात. उतारा भरपूर, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळं पडायचं. १९७२च्या दुष्काळात तर रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. अमेरिकेत जी जनावरांसमोर टाकतात, तिच्या भाकरी थापून लोकांनी ते साल काढलं. त्या पिढीतली माणसं मिलोचं नाव निघालं की अजून तोंड वाकडं करतात. पुढे रेशनचा गहू स्वस्त झाला, पोळी रोजची झाली, आणि सोयाबीनला रोख पैसा मिळू लागल्यावर खरिपातली ज्वारी शेतातून जवळपास गेलीच.

याआधी गव्हाचं स्थान काय होतं, ते येळवशीच्या ताटातच दिसतं. गहू येतो तो खिरीत आणि सणाच्या पोळीत, म्हणजे गोडात. पोट भरायचं ते उंडे आणि तिळाच्या भाकरीवर. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळलं, तेव्हा शहरातल्या हॉटेलांत ज्वारी मोठ्या कौतुकानं ताटात आली. धाराशिवच्या म्हातारीला ते पाहून गंमत वाटली असणार.

तरी या जिल्ह्याला उगाच व्हिगन ठरवायचं कारण नाही. देशभरच्या पशुपालकांत जिल्ह्याचं नाव झालं ते उस्मानाबादी शेळीमुळे, आणि भूम-कुंथलगिरीच्या खव्यावर किती तरी घरं चालतात. येळवशीच्या आंबिलीत ताक असतं, खिरीवर दूध घेतात. दोन्ही अटींत बसतात ते उंडे, तिळाची भाकरी आणि चिंचेच्या कोळाची भज्जी.

यातली गव्हाची अट अनेकांना फॅशन वाटते, पण सेलियाक या आजाराच्या रुग्णाला ती औषधासारखी पाळावी लागते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्याकडची आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५०मध्ये त्यानं यावर प्रबंध लिहिला. ज्वारी-बाजरीत तो त्रास देणारा घटक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन, नाही.

त्यामुळे घरात असा रुग्ण असेल तर येळवशीला त्याला खीर आणि पोळी वाढू नका. फोडणीच्या हिंगाची डबी उलटी करून वाचा, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. आणि उंड्यांची बाजरी गावच्या गिरणीत देऊ नका. तिथल्या दगडांत आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. ती गहू कधी न दळलेल्या घरच्या घरघंटीवर किंवा जात्यावर वेगळी दळा.