वस्तरा, रविवार आणि ठाण्याचे लोखंडे

जुना वस्तरा पुन्हा चालता करायचा छंद लागायला फार सामान लागत नाही. चोरबाजारात किंवा घरातल्या एखाद्या ट्रंकेत वस्तरा सापडतो. त्यावर बहुतेकदा इंग्लंडमधल्या शेफील्डचा नाहीतर जर्मनीतल्या झोलिंगनचा छाप असतो. आधी पातं उजेडात धरून बघा. धारेला तडा असेल तर तो वस्तरा फक्त शोभेचा. वरवरचा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने हळूहळू निघतो. ग्राइंडर लावू नका. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. धार लावायच्या दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून पातं फिरवायचं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून परजायचं. पहिल्या वस्तऱ्याला दोन-तीन रविवार सहज जातात.

हा रविवार आपल्याला मिळवून दिला तो माणूस ठाण्यात जन्मला. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक. गिरणी कामगारांना तेव्हा आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. ब्राह्मण घरांत नवरा वारला की बाईचं केशवपन करायची चाल होती. सुधारक त्यावर लिहीत होते, सनातनी उत्तरं देत होते. पण वस्तरा होता न्हाव्याच्या धोपटीत. सभेत ठरलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनी हातचं काम नाकारलं. कोड लिहिणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल: नियम कुणीही लिहो, तो चालवायला कुणाचा तरी हात लागतो. चाल काही एका सभेने थांबली नाही. विसाव्या शतकातही केशवपन होत राहिलं. तरी नकार नोंदला गेला, आणि तो वादविवाद करणाऱ्यांकडून नाही, कारागिरांकडून आला.

पुढे १९०३ मध्ये अमेरिकेत जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला आला आणि हळूहळू घरोघरी दाढी ब्लेडने होऊ लागली. आज सलूनमधल्या वस्तऱ्यातही ब्लेडच बसवतात. दगडावर धार लावायचे वस्तरे ट्रंकेत गेले ते असे.

म्हणून गंज काढताना पात्यावरचा छाप घासून टाकू नका. १८९० मध्येच अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली. त्यामुळे पात्यावर 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' कोरलेलं असेल, तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. नसेल, तर तो मुंबईतल्या त्या सभेच्याही आधीचा असू शकतो.