विम्बल्डनचा रिकामा रकाना

जानेवारी २००३ मध्ये सिडनीत एस्थर व्हर्गीर ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएला डी टोरोकडून हरली. त्यानंतर एकेरीत ती पुन्हा हरलीच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली तेव्हा सलग विजयांचा आकडा होता ४७०. सिडनीतल्या त्या मॅचच्या वेळी पहिलीत असलेलं पोर तोवर अकरावीत पोचलं होतं.

व्हर्गीर नेदरलँड्सची. आठव्या वर्षी मणक्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या पायांतली शक्ती गेली. पुनर्वसनाच्या काळात ती व्हीलचेअरवरचे खेळ शिकली. आधी बास्केटबॉल, तेही इतकं चांगलं की १९९७ ची युरोपियन स्पर्धा जिंकणाऱ्या डच संघात ती होती. खुर्ची गर्रकन वळवण्याचं कसब तिथलंच असावं, हा आपला माझा अंदाज. कारण व्हीलचेअर टेनिसमध्ये मोठी सवलत एकच: चेंडूचे दोन टप्पे चालतात. कोर्ट तेवढंच, नेट तेवढंच. ज्या हातात रॅकेट, त्याच हाताने चाकही ढकलायचं. आणि खुर्ची बाजूला सरकत नाही, दर फटक्यानंतर वळसा घेऊनच जागेवर यायचं.

एवढी जिंकते म्हणजे समोर कुणी तगडं नसणार, असं वाटतं ना? मग २००८ ची बीजिंग पॅरालिम्पिक फायनल बघा. समोर तिच्याच देशाची कोरी होमन. तिसऱ्या सेटमध्ये होमनकडे मॅच पॉइंट होता. व्हर्गीरने तो वाचवला आणि टायब्रेकरवर मॅच काढली: ६-२, ४-६, ७-६.

या ४७० बद्दल सगळेच लिहितात. मी मात्र तिच्या निकालांच्या तक्त्यात दुसरीकडेच अडकलो. एकेरीची २१ ग्रँड स्लॅम विजेतेपदं, आणि विम्बल्डनचा रकाना कोरा. आमच्या डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि 'नल' वेगळं. शून्य म्हणजे प्रयत्न झाला, हाती काही लागलं नाही. नल म्हणजे तिथे नोंद व्हायची वेळच आली नाही. व्हर्गीरचा रकाना नल आहे, कारण विम्बल्डनने व्हीलचेअर एकेरी सुरू केली थेट २०१६ मध्ये. गवतावर चाकं जड जातात, एकट्याने पूर्ण कोर्ट सांभाळणं जमणार नाही, असं तोवर मानलं जायचं. दुहेरी मात्र त्याच गवतावर व्हायची, आणि ती व्हर्गीरने जिंकलीही होती! जमणार नाही हे कुणाला एकेरी खेळायला लावून ठरवलं होतं, असा प्रश्न मला पडतो.

२०१६ मध्ये महिलांच्या पहिल्या एकेरी फायनलला दोघीही डच होत्या. एक यिस्के ग्रिफियुन. दुसरी आनीक फान कूट, जिला २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिक फायनलमध्ये व्हर्गीरने ६-०, ६-३ असं हरवलं होतं. फान कूटने पहिला सेट घेतला, ग्रिफियुनने पुढचे दोन. तिन्ही सेट गवतावरच झाले. व्हर्गीर तेव्हा पस्तिशीला आली होती, आणि रॅकेट ठेवून तिला तीन वर्षं झाली होती.