दोन शेपट्यांमधलं आकाश

१९७२चा मे महिना. तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि कोकणातल्या खेडजवळच्या एका वाडीत, घरासमोरच्या खळ्यात राखणीला बसला आहात. जुन्या लुगड्यावर आमसुलं पसरली आहेत, ताटांत आंबापोळी सुकते आहे आणि कावळे हाकलायला तुमच्या हाती एक लांब काठी दिली आहे. पावसाळ्याची बेगमी तुमच्या भरवशावर सोडून घरातली मोठी माणसं आडवी झाली आहेत. खेडला रेल्वे यायला अजून जवळपास दोन तपं आहेत. भोस्त्याच्या घाटात एसटी गियर बदलते, तेवढाच काय तो यंत्राचा आवाज.

आज मात्र दुसराच आवाज कानावर येतो. जड आणि छातीत घुमणारा. तुम्ही उठून उभे राहता. रसाळगडाच्या अंगाने, नेहमीच्या विमानांपेक्षा कितीतरी खालून, एक विमान येत असतं. मधोमध ठेंगणं, फुगीर धूड. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पंखा. प्रत्येक पंख्याच्या मागून एक लांब दांडा निघून थेट मागे गेलेला. दोन दांड्यांच्या टोकांना दोन उभ्या शेपट्या आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी. बाजारपेठेतली हातगाडी उचलून कुणी आभाळात सोडावी, तसं ते दिसतं: पुढे पेटी, मागे दोन दांडे, टोकाला आडवी मूठ. विमान जगबुडी नदीच्या दिशेने कलतं, क्षणभर त्याची पाठ दिसते आणि पाठीवर बसवलेलं एक नळकांडं तुमच्या डोळ्यांत भरतं. मग ते दक्षिणेला, चिपळूणच्या बाजूला निघून जातं.

तुम्ही ओरडत घरात शिरता. कुणी विश्वास ठेवत नाही. दोन शेपट्यांचं विमान असतं का कधी? शाळेत तुम्ही पाटीवर चित्र काढता, तेव्हा शेजारचा मुलगा त्यातली एक शेपटी बोटाने पुसून टाकतो. पुढे वय वाढतं, नोकरीसाठी मुंबई होते, आणि हळूहळू तुम्ही स्वतःच ती आठवण सरळ करू लागता. शेपटी एकच असेल. पाठीवरचं नळकांडं म्हणजे उन्हाची तिरीप असेल. तिथेच थांबा. त्या विमानाचा माग काढायचा, तर जे चमत्कारिक वाटलं तेच आधी खरं धरायला हवं.

पहिला मुक्काम पुण्याचा. खेडहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास लोहगावचा विमानतळ. साल धरा १९६५. धावपट्टीच्या कडेला उभे राहिलात की हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनची विमानं दिसतात. या स्क्वाड्रनचं काम समुद्रावर नजर ठेवण्याचं. म्हणजे इथून उडालेलं विमान सह्याद्री ओलांडून कोकणावरूनच अरबी समुद्रावर जाणार. तुमच्या वाडीच्या डोक्यावरून जाण्याचं एवढं चांगलं कारण दुसऱ्या कुठल्या विमानाला क्वचितच असेल.

समोर उभं आहे ते लिबरेटर. चार इंजिनांचं, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटरांमधून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी उडण्याजोगी विमानं उभी केली आणि ती पुढे वीस वर्षं वापरात राहिली. याला दोन शेपट्या आहेत! मोठ्या, लांबट गोल, ताटासारख्या उभ्या. पण जवळ जाऊन पाहा. दोन्ही शेपट्या एकाच धडाच्या टोकाला, आडव्या पट्टीच्या दोन बाजूंना लावलेल्या आहेत. धड एक, ते शेवटपर्यंत सलग. शिवाय १९६८ संपता संपता भारतातली लिबरेटर निवृत्त झाली. १९७२च्या मे महिन्यात ती आभाळात नव्हती.

त्याच धावपट्टीवर दुसरा संशयित आहे आणि तो जास्त भक्कम आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. हे मूळचं प्रवासी विमान. एअर इंडियाने जेट विमानं घेतल्यावर यातली काही हवाई दलाकडे आली आणि समुद्रावर गस्त घालू लागली. सुरेख बाकदार अंग, चार इंजिनं आणि मागे तीन शेपट्या. १९७२मध्ये ती पुण्यात होती. १९७६मध्ये नौदलाकडे गेली. एखाद्या मुलाने तीन शेपट्यांच्या दोन केल्या, असं म्हणायला जागा आहे. आवाजावरूनही सुटका होत नाही. सुपर कॉन्स्टेलेशनला राइट कंपनीची अठरा सिलिंडरची पिस्टन इंजिनं होती, आणि आपण ज्याच्या मागावर आहोत त्या विमानालाही त्याच कुळातली. खळ्यात उभं राहून नुसतं ऐकणाऱ्याला ती सहज वेगळी करता आली नसती.

म्हणून आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. आठवून नव्हे, पुन्हा त्या खळ्यात उभं राहून, मान वर करून. दोन शेपट्यांच्या मधे तुम्हाला काय दिसलं?

आकाश. पंखांपासून शेपटीपर्यंत, दोन दांड्यांच्या मधे, मोकळं निळं आकाश. लिबरेटरच्या खालून पाहिलं तर तिथे धड दिसलं असतं. सुपर कॉन्स्टेलेशनच्या खालूनही धडच. डाकोटा, कॅरिबू, रशियन अँटोनोव्ह-१२, अ‍ॅव्हरो, त्या काळात हवाई दलाकडे असलेली सगळी मालवाहू विमानं एकेक करून त्या खळ्यावरून न्या. सगळ्यांना मागे सलग धड आहे. मधे आकाश दाखवणारं एकच मालवाहू विमान भारतीय हवाई दलाकडे होतं.

ते बघायला आग्र्याला चला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनला फेअरचाइल्ड कंपनीने बनवलेलं सी-११९. भारतात ते १९५४पासून आलं, आणि वैमानिकांपासून जवानांपर्यंत सगळे त्याला पॅकेट म्हणतात. जगात अशी अकराशेहून अधिक विमानं बनली. आता त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. दांडे तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेले आहेत, आडवी पट्टी उंचावर आहे, आणि समोर विमानाचं मागचं दार दोन फळ्यांनी सताड उघडलेलं आहे. एक ट्रक उलटा येतो, थेट दोन शेपट्यांच्या मधून, आणि दाराला भिडतो. विमानाची जमीन ट्रकच्या हौद्याच्याच उंचीला. पेट्या ढकलल्या की आत. शेपटी बाजूला काढून दोन दांड्यांवर टांगली, ती यासाठी. उडताना मागची दारं काढून टाकली की जीपसुद्धा पॅराशूट लावून सरळ मागे सोडता येते, वाटेत शेपटी येत नाही. याच मोकळ्या जागेचा उपयोग अमेरिकनांनी १९६० साली ऑगस्टमध्ये पॅसिफिकवर केला: अंतराळातून परतणारी हेरगिरी उपग्रहाची फिल्मची कुपी, पॅराशूटला लटकत खाली येत असताना, सी-११९ने मागे आकडे सोडून हवेतल्या हवेत झेलली. कक्षेतून परत आलेली वस्तू अशी झेलण्याची ती जगातली पहिलीच वेळ.

पण पाठीवरचं नळकांडं? अमेरिकेतल्या सी-११९च्या जुन्या फोटोंत बहुतेक ठिकाणी ते दिसत नाही, आणि त्यामुळेच पुष्कळांची ओळख इथवर येऊन अडते. त्यासाठी शिडी लावून वर चढा. पंखांच्या मधोमध, धडाच्या माथ्यावर एक जेट इंजिन बसवलं आहे. ऑर्फियस. नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानासाठी बंगळुरूला हिंदुस्तान एअरोनॉटिक्स जे इंजिन बनवत असे, तेच. पिस्टनची दोन आणि वर जेटचं एक, अशी तीन इंजिनं. उड्डाणाच्या आणि चढणीच्या वेळी, किंवा एखादं इंजिन दगा देईल तेव्हा जेट चालवायचं. एरवी सरळ उडताना त्याची गरज नाही. तुम्हाला नळकांडं दिसलं पण जेटचा आवाज ऐकू आला नाही, याचं कोडं इथे सुटतं. तुमच्या डोळ्यांनी आणि कानांनी वेगवेगळी साक्ष दिली होती आणि दोन्ही खरी होती.

या तिसऱ्या इंजिनाची गरज का पडली, ते कळायला लडाखला जायला हवं. २३ जुलै १९६२. काराकोरम खिंडीच्या दक्षिणेला दौलत बेग ओल्डी. उंची साडेसोळा हजार फुटांच्या घरात. तुम्ही श्वास घेता आणि तो पुरत नाही. इथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या साठ टक्क्यांच्या आसपास घनतेची आहे. इंजिनालाही ती पुरत नाही, पंख्यालाही नाही आणि पंखांनाही नाही. धावपट्टी म्हणजे सैनिकांनी दगड वेचून साफ केलेली माती. त्यावर स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे पॅकेट उतरवतात. धुळीचा लोट उठतो, विमान धावतं, थांबतं. एवढ्या उंचीच्या पट्टीवर तोवर जगात कुणी असं विमान उतरवलेलं नव्हतं. चीनचं आक्रमण तीन महिन्यांवर आलं आहे. चौक्यांवरच्या जवानांना पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि पत्रं पोचवणारी वाट या दोन दांड्यांच्या मधून जाते आहे. बिनजेटच्या पॅकेटला अशा ठिकाणाहून भार घेऊन परत उडणं फार अवघड गेलं असतं. तुम्ही खेडच्या खळ्यातून पाहिलेलं नळकांडं हिमालयासाठी बसवलं होतं.

आता आणखी एका ठिकाणी जायचं आहे, आणि तिथे तुम्ही बाहेर उभे राहून पाहणार नाही, आत बसणार आहात. ११ डिसेंबर १९७१, दुपार टळलेली. कलाईकुंडा आणि दमदमच्या धावपट्ट्यांवरून पॅकेट, डाकोटा, अँटोनोव्ह आणि कॅरिबू मिळून सुमारे पन्नास विमानं पूर्व पाकिस्तानच्या दिशेने निघाली आहेत. पॅकेटच्या पोटात दोन्ही भिंतींना टेकून जवान बसले आहेत. पाठीवर पॅराशूट, पोटावर राखीव पॅराशूट, मांडीला बांधलेली पिशवी. इंजिनांच्या घरघरीत बोलणं अशक्य, तरी शेजारचा जवान तुमच्या कानाशी तोंड आणून काहीतरी विचारतो आणि तुम्ही चमकता. तो मराठीत बोलतो आहे.

ही पलटण आहे २ पॅरा, मराठा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची जुनी तिसरी पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली ती ही. ज्या रेजिमेंटमध्ये कोकणातली आणि घाटावरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली, तिचीच ही शाखा. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्याकडे. लाल दिवा लागतो. सगळे उठतात, वरच्या तारेला आपापल्या दोरीचा आकडा अडकवतात, पुढच्याच्या पॅराशूटची गाठ तपासून त्याच्या खांद्यावर थाप मारतात. हिरवा दिवा. दारातून वारा थोबाडीत मारतो आणि एकामागून एक माणसं बाहेर पडतात. खाली टांगाईलची भातशेतं आहेत, गावकरी धावत येत आहेत, पडलेले दारूगोळ्याचे गठ्ठे उचलायला हात लावत आहेत. त्याच संध्याकाळी पलटणीने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडली. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती.

पाच महिन्यांनी, मेच्या दुपारी, त्याच जातीचं विमान तुमच्या आमसुलांवर सावली टाकून गेलं. ते कुठे निघालं होतं, त्यात काय होतं, याची गरज ओळखीला नाही. दोन दांडे, मधलं आकाश, दोन पंखे आणि पाठीवरचं जेट: ही चार लक्षणं एकत्र असलेलं विमान पॅकेटच. १९८०च्या दशकात अँटोनोव्ह-३२ आली आणि पॅकेट निवृत्त झालं. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उभं आहे. जाल तेव्हा पुढून फोटो काढून परतू नका. मागे जा, दोन शेपट्यांच्या मधे उभे राहा आणि वर बघा.

हे सगळं सांगायचं एक कारण आहे. दापोली, मंडणगड, खेड, चिपळूणच्या घराघरात आज साठी-सत्तरीतली अशी माणसं आहेत ज्यांनी लहानपणी आभाळात काहीतरी पाहिलं, किंवा फौजेत असताना त्यात बसून प्रवास केला, आणि ज्यांचं म्हणणं घरात कुणी मनावर घेतलं नाही. त्यांच्याशी बोला. पण एक पथ्य पाळा. त्यांना आधी मोबाइलवर फोटो दाखवू नका. समोर आलेलं चित्र आठवणीवर बसतं आणि मूळची रेघ त्याखाली बुजते. आधी कागद आणि पेन्सिल द्या. पंखे किती होते, पंख अंगाच्या वर होते की खाली, शेपटी कुठून सुरू झाली, मधे काय दिसलं, आवाज एक होता की दोन, घरात त्या वर्षी काय घडलं होतं, हे एकेक विचारा. त्यांचं चित्र वेडंवाकडं येईल. त्यातला जो भाग सगळ्यात अशक्य वाटेल, तो खोडू नका. त्याच्यापासूनच शोध सुरू करा. नऊ वर्षांच्या मुलाला विमानांची नावं ठाऊक नसतात, म्हणून तो समोर जे आहे तेच पाहतो. अशी साक्ष दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही, आणि ती लिहून घ्यायची वेळ आत्ताची आहे.