खरारा करणारा हात

लहानपणी बोईसरहून तारापूरला तांग्याने गेल्याचे आठवते. घोडा सोडला की तांगेवाले चाचा आधी त्याला सावलीत फिरवीत. मग पेंढ्याची घट्ट जुडी घेऊन मान, खांदे, पुठ्ठे अंगाचा भार देऊन रगडीत. कण्यावर आणि हाडांवर मात्र हात हलका. आम्हा पोरांना ती घोड्याची कोरडी अंघोळच वाटे.

खरारा म्हणजे नुसती साफसफाई नव्हे, हे फार पुढे कळले. ओझे ओढून आखडलेले स्नायू चोळण्याने सैलावतात. शिवाय अंगावरची गाठ, सूज, तापलेली जागा मोतद्दाराच्या तळव्याला स्वाराआधी कळते. सुजून गरम झालेला पाय मात्र रगडायचा नसतो. तिथे हात आवरणे हीच विद्या.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे, असे त्यात सांगितले आहे. शालिहोत्राच्या नावावर तर अश्ववैद्यकाची सबंध परंपरा उभी आहे. आपण इतिहास लिहितो तेव्हा मात्र घोडा दिसतो तो स्वारासकट, आणि मोतद्दार चौकटीबाहेर. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भिवराव तिथे पडले. त्यांचे नाव राहिले. त्या मोहिमेतली थकली घोडी रात्री रगडणाऱ्यांची नावे आम्हाला शाळेत कोणी शिकवली नाहीत.

चाचांचे नाव तरी मी कुठे विचारले होते?